लिस्बन ते माद्रिद, वीस मिनिटं

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी पहिलं विचारलं, "जाहिरात किती पानांची द्यावी लागंल?" ते हसले. मी हसलो नाही. जिंतूरला बसस्टँडसमोर तीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देतोय. फुकट काही मिळतंय म्हणलं की माझा उजवा डोळा आपोआप बारीक होतो. जाहिरात नको, नुसता लेख हवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं लिहायला बसलो. माणसांची नावं बदलली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

शक हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग आहे. मी हे काम परभणीत ज्या म्हाताऱ्या चाचांकडं शिकलो, ते म्हणायचे, "बेटा, टिकट पे भरोसा कर, टिकट लानेवाले पे नक्को." मी पुढं तिकिटावरचा भरोसाही सोडला. कुणी पासपोर्ट पुढं केला की मी आधी फोटो बघतो, मग माणूस, मग परत फोटो. आमची मंडळी म्हणते, "तुमी देवळात गेलात तर देवाचं बी आधार कार्ड मागताल."

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, निघायची आणि पोहोचायची. निघायची वेळ निघालेल्या गावच्या घड्याळाची आणि पोहोचायची वेळ पोहोचलेल्या गावच्या घड्याळाची. मुंबईहून दुबईला तीन तास लागतात, पण तिकिटावर दीडच तास दिसतो, कारण दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. यावरून माझ्या दुकानात किती भांडणं झाली त्याची गणती नाही. एक गवंडी तर म्हणाला होता, "जाताना दीड तास आन येताना साडेचार? म्हंजी येताना मला फिरवून आनतेत का काय!" त्याला मी कागदावर दोन घड्याळं काढून समजावलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. मला हे कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

माझं गिऱ्हाईक बहुतेक आखाताचं आणि मक्केच्या उमरा यात्रेचं. युरोपचं काम आमच्याकडं कमी. जे आलं ते फ्रँकफर्ट आणि पॅरिसचं. तिथं दोन्हीकडं घड्याळ एकच. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लंडनच्या साहेबाचं घड्याळ वेगळं आणि बाकी युरोपचं एक.

दुकानात भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर मी दोऱ्यानं अंतर मोजतो. दोन शहरांमध्ये दोरा ताणायचा, नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापावर धरायचा, किलोमीटर निघतात. विमान तासाला आठशेच्या आसपास चालतं, चढाय-उतरायचा अर्धा तास वर धरायचा. संगणकावर हे सगळं आयतं दिसतं, पण संगणकावर माझा दोऱ्याइतका विश्वास नव्हता.

या दोऱ्यानं मला नाव मिळवून दिलं. एकदा आमच्या तालुक्यातली तीन पोरं पोलंडमध्ये कामाला निघाली होती. बाहेरगावच्या कुण्या दलालानं तिकिटं दिलेली. माझ्याकडं आली ती नुसती रंगीत प्रत काढायला. मी तिकीट हातात घेतलं. मुंबईहून वॉर्सा आणि तिथून पुढं क्राकुफ. वॉर्सा ते क्राकुफ विमानाला सहा तास लिहिले होते. मी दोरा लावला. अडीचशे किलोमीटर. म्हणजे परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन थोडं पुढं. विमानाला तासही लागत नाही.

"पोरांनो," मी म्हणालो, "हे विमान हाय का बैलगाडी?"

तिकिटावरचा सहा अक्षरांचा क्रमांक टाकून बघितला, तर असं तिकीटच नाही. पोरं तिथंच खाली बसली. नंतर पोलीस, पंचनामा सगळं झालं, दलाल काही सापडला नाही, पण पोरं घरी राहिली. त्या दिवसापासून तालुक्यात एक बोलणं सुरू झालं, "तिकीट गोविंदरावाच्या नजरेखालून घाला." मला ते गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

हे ऐकूनच भानुदास माझ्याकडं आला. चारठाण्याचा भानुदास आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याची पोरगी अश्विनी बी. फार्म. झालेली, जिंतूरला एका मोठ्या औषध दुकानात कामाला. तिला स्थळ आलं होतं. सोनपेठचा मुलगा, नाव नितीन. लिस्बनला पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर. दोन्ही घरं एकाच समाजातली, मूळ मेंढरं राखणारी. भानुदासच्या बापानं मेंढरं विकून जमीन घेतली होती, नितीनचा बाप बाबाराव अजून मेंढरं राखत होता. पाहणं झालं होतं. अश्विनीला मुलगा आवडला होता. बापासमोर तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "मला पसंत आहे."

"पोरीनं होकार दिलाय गोविंदा," भानुदास म्हणाला. "पर पोरगं राहतंय सात समुद्रापल्याड. तिकडं कुनाला इचारावं? एकदा का पोरगी इमानात बसली की आपल्या हातात काय ऱ्हातंय? तू चौकशी कर. तू हो म्हनलास की सुपारी फोडतो."

चौकशी ही आमच्याकडची जुनी रीत. स्थळ पक्कं करायच्या आधी मुलीकडचा एक शहाणा माणूस मुलाच्या गावाला जातो. कोण, कशाला आला, हे सांगायचं नाही. चहाच्या टपरीवर बसायचं, न्हाव्याकडं दाढी करायची, इकडचं तिकडचं विचारायचं. ज्याची चौकशी चाललीय त्याला चुकूनही काही विचारायचं नाही. आणि काही वावगं निघालं तर खरं कारण सांगायचं नाही. "पत्रिका जुळत नाही" म्हणून निरोप धाडायचा. त्यानं कुणाची अब्रू जात नाही, असा समज.

मी सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी गेलो. शेळी घ्यायला आलोय असं सोंग केलं. टपरीवाला म्हणाला, पोरगं सोन्यासारखं हाय. न्हावी म्हणाला, बापाच्या शब्दाबाहेर जात न्हाई. बाबारावच्या मेंढरांच्या वाड्यालाही चक्कर मारली. गावाबाहेर, घरालगतच्या काट्याच्या कुपात दीडशेक मेंढरं, दहा-बारा शेळ्या, डोक्याला पटका बांधलेला बाबाराव. त्यानं मला एक शेळी दाखवली, मी किंमत विचारली, जास्त वाटते म्हणून निघालो.

सगळेच चांगलं सांगत होते. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, मला घोर लागला. एवढ्या मोठ्या गावात एकही माणूस वाईट बोलत नाही म्हणजे पढवून ठेवलेत की काय! परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होतो.

भानुदासनं मधल्या माणसाकडून मुलाच्या परदेशातल्या कागदांची मागणी केली होती. चार दिवसांनी मोबाईलवर फोटो आले. नोकरीचं पत्र, घरभाड्याचा करार आणि दोन तिकिटं. नितीनचं म्हणणं असं की पंधरा दिवसांतून एकदा तो माद्रिदच्या मोठ्या ऑफिसला जातो आणि संध्याकाळी परत येतो. त्याचीच ती जाण्या-येण्याची तिकिटं.

मी चष्मा पुसून बघितलं. जाताना लिस्बनहून नऊला निघालं, माद्रिदला अकरा वीसला पोहोचलं. दोन तास वीस मिनिटं. येताना माद्रिदहून संध्याकाळी सहाला निघालं आणि सहा वीसला लिस्बनला पोहोचलं.

वीस मिनिटं! मी दोरा लावला. पाचशे किलोमीटर. परभणी ते मुंबई म्हणा. माझ्या हिशोबानं एक तासाच्या खाली कुठलंच विमान हे अंतर तोडू शकत नाही. आणि त्याच अंतराला जाताना दोन तास वीस? संगणकावर क्रमांक टाकला, पण प्रवास होऊन गेलेलं जुनं तिकीट उघडत नसतं. मला तेवढं पुरेसं होतं. माझ्या अंगात पोलंडचं वारं भरलं होतं.

भानुदासला बोलावलं, दोरा लावून दाखवला. "तिकिटं बनावट हायत. जो मानूस येण्या-जाण्याचं खोटं कागद करतो, त्याची नोकरी खरी कशावरून?"

भानुदासचा चेहरा पडला. "पोरीला आवडला व्हता रे," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विनी दुकानात आली. औषध दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच. बसली नाही.

"काका, बाबांनी सांगितलं मला. पण तुमचं चुकायलंय. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागं असतं. म्हणून जाताना एक तास जास्त दिसतो आणि येताना एक तास कमी. दोन्हीकडं एक तास वीस मिनिटंच होतात. तुम्हीच हिशोब करा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

ती खाली बघत म्हणाली, "नितीनला विचारलं. कशासाठी ते नाही सांगितलं. लाज वाटली मला."

झालं! माझा शक दुप्पट झाला. "म्हंजी चोरालाच इचारलंस, चोरी केलीस का म्हनून? अगं, एका बांधाला लागून दोन देश. व्हिसा एक, नोट एक. आपल्या जिंतूरचं आन सेलूचं घड्याळ येगळं असतंय का?"

"काका, समोर कॉम्प्युटर आहे. एकदा बघा. एक मिनिट लागंल."

"तीस वर्षं तिकिटं काढायलोय मी. मला शिकवू नको."

संगणक चालू होता. माझा हात त्याच्यापासून वीतभर लांब होता. आज विचार करतो, का नाही बघितलं? कालच्या पोरीनं सांगितलं म्हणून बघायचं, ही गोष्ट मला सोसली नाही. आणि मनाच्या तळाशी कुठंतरी धाकधूकही होती, की हिचं खरं निघालं तर? मी नालायकपणा केला, दुसरा शब्द नाही.

त्याहून वाईट मी पुढं केलं. ती गेल्यावर भानुदासला फोन लावला आणि सांगितलं, "तुझी पोरगी त्या पोराला चोरून फोन करायलीय. गुंतायच्या आत आवर." त्याच दिवशी संध्याकाळी सोनपेठला निरोप गेला, पत्रिका जुळत नाही.

सहा-सात महिने गेले. अश्विनीचं लग्न सेलूच्या एका कृषी सहायकाशी ठरलं. त्याची चौकशी मी केली नाही, भानुदासच्या मेव्हण्यानं केली. लग्नाला पंधरा दिवस होते, तेव्हा परभणीचे एक निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. त्यांना बायकोसोबत मुलीकडं स्पेनला जायचं होतं आणि तिथून पुढं चार दिवस लिस्बन फिरायचं होतं.

"माद्रिद ते लिस्बन, संध्याकाळचं बघा," ते म्हणाले.

मी तारीख टाकली. पडद्यावर ओळ आली. निघणे सहा, पोहोचणे सहा वीस. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात: एक तास वीस मिनिटं.

मी ते तीनदा वाचलं. मग लिस्बनहून माद्रिदला जायचं बघितलं. निघणे नऊ, पोहोचणे अकरा वीस. खाली तेच: एक तास वीस मिनिटं.

"काय झालं हो? जागा नाहीत का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"जागा हायत," मी म्हणालो. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायलो. त्यांचं तिकीट त्या दिवशी मला काढताच आलं नाही. बायकोच्या नावात दोनदा चूक झाली. उद्या या म्हणून सांगितलं.

मी तसाच औषध दुकानात गेलो. गर्दी होती. अश्विनी गोळ्यांची पाकिटं देत होती. मला बघून तिला वाटलं औषध घ्यायला आलोय. गिऱ्हाईक हटल्यावर मी म्हणालो, "पोरी, तुझं खरं व्हतं. एक तासाचा फरक हाय."

तिनं काउंटरवरच्या गोळ्या मोजून पुऱ्या केल्या, पाकिटात घातल्या.

"मला माहीतच होतं काका. तुम्हाला आज कळलं."

"मी आत्ता जातो भानुदासकडं. सांगतो त्याला. माझीच चूक..."

"नका सांगू." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "लग्नपत्रिका वाटून झाल्यात. बाबांना आता हे कळलं तर ते मांडवात उभे राहू शकणार नाहीत. आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याचा काय दोष? तो माणूस चांगला आहे." मग हळू म्हणाली, "तुम्हाला करायचंच असंल काही, तर सोनपेठला जाऊन या. त्या लोकांना वाटतंय आम्ही मेंढरांमुळं नाही म्हटलं. नितीनच्या बहिणीनं मला मेसेज केला होता, 'आमच्या घराला लेंड्यांचा वास येतो म्हणून का?' मी काय उत्तर देणार होते? तेवढं सांगून या."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. दुकानाला काम होतं, पाठ दुखत होती, बसचा टाईम जमत नव्हता. पाय उचलत नव्हता हे खरं कारण.

लग्न जिंतूरला मंगल कार्यालयात झालं. मंगलाष्टकं झाल्यावर आहेराचे फेटे बांधायला घेतले. व्याही झाले, मामा झाले, मग माईकवर माझं नाव आलं. मी मागच्या रांगेत होतो. भानुदास स्वतः येऊन मला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेला. फेटेवाल्याला बाजूला करून त्यानं माझ्या डोक्याला गुलाबी फेटा आपल्या हातानं गुंडाळला आणि माईक घेतला.

"ह्यो माझा शाळेतला दोस्त. ह्यानं माझी पोरगी एका दगाबाजाच्या तोंडातून काढली. न्हाईतर आज ह्यो दिवस दिसला नसता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, लोकांना ती नम्रता वाटली. अश्विनी चार हातांवर उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. पाया पडायला वाकली तेव्हा मला ऐकू जाईल एवढंच बोलली, "गेलात का सोनपेठला?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती उठली आणि पुढच्या माणसाच्या पाया पडली.

(भानुदासला हे सगळं मी वर्षभरानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा पूर्ण प्यायला आणि उठून गेला. त्यानंतर तो दुकानात आलेला नाही.)

लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला मी सोनपेठची बस धरली. बाबाराव घरापुढं बाजेवर बसला होता. मला बघून म्हणाला, "या. शेळी घ्यायला आलता तेच ना तुमी?"

मी दचकलो. "वळखलं का?"

"तवाच वळखलं व्हतं. शेळी घेनारा मानूस आधी दात बगतो. तुमी किंमत इचारली आन निगालात. आमी समजलो, चौकशीचा मानूस हाय." तो हसला. "पर चौकशीला कुनी आलं तर वळख दाखवायची नसती. रीत हाय."

मी तीस वर्षं पासपोर्टवरचे चेहरे ओळखतो म्हणून मिरवत होतो, आणि मला एका शेळीवरून ओळखलं होतं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. दोरा, वीस मिनिटं, एक तासाचं घड्याळ, पोरीनं सांगूनही न ऐकलेलं. पत्रिका कुणी बघितलीच नव्हती, हेही सांगितलं. "तुमचं पोरगं बावनकशी हाय. खोटं कुठंच नव्हतं. माझं डोकं खोटं व्हतं. माफी मागायला आलोय."

बाबारावनं पटका काढून मांडीवर ठेवला. त्याला माझं बोलणं समजलं की नाही, हेच मला कळेना. मग तो सावकाश म्हणाला, "म्हंजी... मेंढरामुळं न्हाई?"

"न्हाई. मेंढराचं नाव बी निघालं न्हाई. आईची शपथ."

"पोराचं लगीन झालं आता गंगाखेडच्या पोरीसंगं. परदेशाला घेऊन गेला तिला," तो म्हणाला. मग घरात तोंड करून हाक मारली, "अगं ए, भायेर ये. ऐकलं का? मेंढरामुळं न्हाई म्हनं. घड्याळामुळं."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. काट्याचं कूप तसंच होतं. आत एकही मेंढरू नव्हतं, भर दुपारची वेळ म्हणून मला वाटलं होतं चरायला गेली असतील. तिथं आता लोकांनी बोरीच्या फांद्या आणि तुराट्या टाकून ठेवल्या होत्या.

"मंग आपुन मेंढरं इकली कशाला ओ?" ती म्हणाली. "पुढचं स्थळ मोडू नये म्हनूनच इकली ना?"

बाबारावनं मांडीवरचा पटका उचलून परत डोक्याला गुंडाळायला घेतला. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि तसाच हातात धरून बसलो.